पासपोर्टची मुदत आणि करारातला साठावा दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आहे. गावातील व नात्यातील चौदा जणांनी मिळून २४ मे ते ५ जून अशी युरोपची समूह सहल ठरवली आणि तालुक्याच्या ठिकाणच्या एजंटाकडे माणशी एक लाख रुपये रोख भरले. त्यांच्या पत्नीच्या पासपोर्टची मुदत येत्या १८ ऑगस्टला संपते. ‘सहल जूनमध्येच आटोपते, मग ऑगस्टची काळजी कशाला’ असे एजंटाने सांगितले होते. आता मात्र या पासपोर्टवर व्हिसा होणार नाही, असा निरोप कंपनीच्या मुंबई कार्यालयातून आला आहे. व्हिसा मिळाला नाही तर पैसे परत मागता येतील काय, आणि कंपनीने नकार दिला तर ग्राहक आयोगात जाता येईल काय, असे त्यांनी विचारले आहे.

तूर-कापसाचे चुकारे हाती आले आणि उन्हाळ्याच्या सहलींचे पैसे भरून झाले की अशी पत्रे येऊ लागतात. गुरुजी, ग्राहक आयोगात जाता येते, त्याबद्दल शंका नाही. परंतु तुमचे प्रकरण आयोगात ठरणार नाही. ते तुम्ही सही केलेल्या बुकिंग फॉर्मच्या सोळाव्या कलमाने आणि येत्या २५ मार्च या तारखेने ठरणार आहे. तुमच्या चार पानी पत्रात या दोहोंचा उल्लेख नाही. तुम्ही जोडलेल्या छायाप्रतीच्या मागील बाजूस ते कलम मला सापडले, आणि त्याखाली तुम्हा दोघांच्याही सह्या आहेत.

हे कलम म्हणते की, प्रवाशाच्या कागदपत्रांतील दोषामुळे व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत मिळाला नाही, तर प्रवाशानेच सहल रद्द केली असे समजले जाईल. प्रस्थानाला साठहून अधिक दिवस असताना रद्द केल्यास माणशी तीस हजार रुपये, साठ ते एकतीस दिवसांत सहलीच्या किमतीच्या निम्मे आणि त्यानंतर संपूर्ण रक्कम कापली जाते. तुमच्या सहलीची किंमत माणशी ३ लाख ४० हजार आहे. म्हणजे दोघांचे मिळून साठ हजार रुपयांचे नुकसान एका दिवसाच्या विलंबाने ३ लाख ४० हजारांवर जाते. भरलेले दोन लाख तर जातातच, शिवाय उरलेल्या रकमेची मागणीही कंपनी करू शकते. २४ मे पासून मागे मोजले तर साठावा दिवस २५ मार्चला येतो. प्रस्थानाचा दिवस मोजायचा की नाही, कार्यालयीन सुट्टीचा दिवस धरायचा की नाही, हे फॉर्ममध्ये स्पष्ट नाही. हा वाद अंगावर घेण्याचे कारण नाही. म्हणून तुमच्यासाठी शेवटची तारीख २० मार्च आहे असे धरून चाला. पीकविम्याची शेवटची तारीख टळल्यावर कितीही रास्त कारण सांगितले तरी अर्ज घेतला जात नाही, हे तुमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. या तारखेकडेही त्याच नजरेने पाहावे.

एजंटाचे म्हणणे चूक का आहे, तेवढे आधी सांगतो. शेंगेन म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणारे युरोपीय देश; त्यांच्या व्हिसा संहितेनुसार पासपोर्ट त्या प्रदेशातून परत निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो, तो मागील दहा वर्षांत काढलेला असावा लागतो आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावी लागतात. तुम्ही ५ जूनला निघणार, म्हणजे पासपोर्ट ५ सप्टेंबरपर्यंत वैध हवा. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट अठरा दिवसांनी कमी पडतो. अठरा दिवस म्हणजे काहीच नाही, असे एजंटाला वाटले असेल. वकिलातीला तसे वाटत नाही, आणि अशा पासपोर्टवरील अर्ज गुणवत्तेवर तपासलासुद्धा जात नाही. मुंबई कार्यालयाने तुम्हाला योग्य तेच सांगितले आहे.

ही बाब आपल्या लक्षात नोव्हेंबरमध्येच आली होती, असे तुम्ही स्वतः लिहिले आहे. तरीही मार्च उजाडेपर्यंत तुम्ही एजंटाच्या तोंडी शब्दावर थांबलात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्टच्या पुनर्निर्गमनासाठी, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट मिळवण्यासाठी, अर्ज करता येतो. छत्तीस पानी पासपोर्टला साधारण प्रक्रियेत १,५०० रुपये आणि तत्काळ प्रक्रियेत आणखी २,००० रुपये एवढेच शुल्क लागते. नोव्हेंबरमध्ये हे काम केले असते, तर आज हा प्रश्नच उद्भवला नसता. ज्यांनी आयुष्यभर मुलांचे दाखले तारखेसकट तपासले, त्यांनी घरातल्या पासपोर्टवरील तारीख चार महिने बाजूला ठेवावी, हे समजण्यासारखे नाही.

आता करायचे ते याच आठवड्यात करा. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर पत्नीच्या नावे तत्काळ पुनर्निर्गमनाचा अर्ज भरा आणि नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीतील ज्या केंद्रावर सर्वांत आधीची वेळ मिळेल ती घ्या; ते केंद्र घरापासून दूर पडले तरी चालेल. आधार, जुना पासपोर्ट आणि बँकेचे पुस्तक यांवरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि पत्ता केंद्रावर जाण्याआधी ताडून पाहा. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मधले नाव यांच्या ओढाताणीत आपल्याकडच्या स्त्रियांचे अर्ज अडकतात, आणि पोलिस पडताळणीची वेळ आली तर त्यात आणखी दिवस जातात. तत्काळ अर्ज केला म्हणजे अमुक दिवशी पासपोर्ट हाती पडेलच, अशी खात्री कोणी देत नाही. म्हणूनच दुसरी तयारी त्याच वेळी करावी लागेल.

ही दुसरी तयारी म्हणजे कंपनीला द्यायचे पत्र. फॉर्मच्या सतराव्या कलमानुसार, साठ दिवसांपूर्वी लेखी अर्ज केल्यास माणशी दहा हजार रुपये आणि किमतीतील फरक भरून एकदाच पुढील तारखेच्या सहलीत नाव वळवता येते. रद्द करण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा आहे. नवा पासपोर्ट १८ मार्चपर्यंत हाती आला, तर त्याचा क्रमांक त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवा आणि सहल ठरल्याप्रमाणे पुढे न्या. शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मार्चअखेर अर्ज गेला तरी वेळ पुरण्यास हरकत नाही, मात्र एप्रिलच्या मध्यावर गेला तर मी काहीच सांगू शकणार नाही. पासपोर्ट १८ तारखेपर्यंत आला नाही, तर २० मार्चच्या आत सतराव्या कलमाखाली नाव वळवण्याचा अर्ज जायलाच हवा. तो पत्नीच्या एकटीच्या नावे द्यायचा की दोघांच्या, हे त्याआधी घरात ठरवा. त्या एकट्या मागे राहिल्या, तर तुम्हाला दोघांच्या खोलीऐवजी एकट्याच्या खोलीचे जादा भाडे लागू शकते. आणि पुढे त्या जात नाहीत म्हणून तुम्हीही थांबलात, तर ते तुमचे स्वेच्छेने रद्द करणे ठरेल आणि तुमच्यासाठी वेगळी कपात होईल.

अर्ज एजंटाच्या दुकानात तोंडी सांगून होत नाही, आणि त्याला फोन करूनही होत नाही. कंपनीने फॉर्मवर दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवा, त्याची प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मुंबई कार्यालयाला पाठवा आणि एजंटाला फक्त माहितीसाठी द्या. पत्रात बुकिंग क्रमांक, प्रवाशाचे नाव, सतराव्या कलमाचा उल्लेख, कोणत्या तारखेच्या सहलीत नाव वळवायचे ती तारीख आणि उत्तरासाठी सात दिवसांची मुदत एवढेच असावे. तक्रारीचा सूर नको. ‘आमची काही चूक नाही’ असेही लिहू नका, कारण ते खरे नाही आणि तेच वाक्य पुढे तुमच्यावर उलटवले जाईल.

तुम्ही विचारलेल्या खटल्याबद्दल मी यापेक्षा सावधपणेच बोलू शकतो. प्रवाशाची काहीही चूक नसताना व्हिसा नाकारला गेला आणि कंपनीने सगळी रक्कम गिळली, अशा प्रकरणात ग्राहकाची बाजू भक्कम असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी कंपनीला वाजवी भरपाईच मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद प्रकरणापासून २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणापर्यंत हे तत्त्व वेळोवेळी सांगितले आहे. पण मुदतीच्या उणिवेचा पासपोर्ट आपण स्वतः दिला असेल, तर कंपनी सोळाव्या कलमाकडे बोट दाखवील आणि आयोग तिचे म्हणणे सहज झटकून टाकणार नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती एजंटाचा सल्ला. ‘चालते’ हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले असेल, तर सेवेतील त्रुटीचा मुद्दा उभा राहतो. तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणून वागत होता, हे मात्र तुम्हाला दाखवावे लागेल. ते संदेश पुसू नका आणि तो फोन विकू किंवा बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन जवळ असला की ते देणे सोपे जाते.

येथेच तुमच्या पावत्यांची अडचण पुढे येते. त्या एजंटाच्या दुकानाच्या नावाच्या आहेत. त्यांवर कंपनीचे नाव नाही, बुकिंग क्रमांकही नाही. माणशी एक लाख रुपये कंपनीकडे जमा झाल्याचे लेखी उत्तर चौदाही जणांनी कंपनीकडून मागून घ्यावे. एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला बसतो. तुम्ही दोघांचे दोन लाख एकदम दिले असतील, तर एजंट नीट पावती द्यायला का टाळतो याचे कारण कदाचित हेच असेल. पुढचा हप्ता थेट कंपनीच्या खात्यातच भरा.

आयोगाचे दार बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून फॉर्मवर ‘फक्त मुंबईची न्यायालये’ असे छापलेले असले तरी यवतमाळच्या जिल्हा आयोगात जाता येईल. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. फॉर्ममधले सोळावे कलमच अन्याय्य म्हणून रद्दबातल ठरवण्याची मागणी करायची असेल, तर कायद्याने तो अधिकार राज्य आयोगाला दिलेला आहे; त्याचे परिक्रमा म्हणजे फिरते खंडपीठ नागपूरला बसते. परंतु विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कलम ३८ सांगत असले, तरी रिक्त पदे आणि तारखांवर तारखा यांमुळे प्रत्यक्षात वर्षे जातात. साठीपुढच्या माणसाला त्याच्याच दोन लाखांसाठी वर्षानुवर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागावेत, याचा मला संताप येतो. म्हणूनच तुम्हाला खटल्याच्या भरवशावर २० मार्च ओलांडू नका, असे आग्रहाने सांगतो आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात. तुम्हाला मधुमेह आहे असे पत्राच्या शेवटी आले आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो, त्याच्या अर्जात हा आजार लपवू नका आणि आधीच्या आजारांसाठी त्या पॉलिसीत काय समाविष्ट आहे ते विचारून घ्या. पासपोर्टच्या दोषामुळे रद्द झालेल्या सहलीची भरपाई असा विमा बहुधा देत नाही. गटातील ज्या शेतकऱ्यांकडे आयकर विवरण नाही, त्यांना उत्पन्नाचा पुरावा म्हणून कोणते कागद चालतील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. सातबारा व तहसीलदारांचा दाखला मराठीत असल्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर बहुधा मागितले जाईल.

पैसे भरताना मात्र एक चूक टाळा. परदेशी सहलीच्या किमतीवर कंपनी टीसीएस म्हणजे स्रोतावर गोळा केलेला कर वसूल करते आणि तो ज्याचा पॅन दिला त्याच्या नावे जमा होतो. सगळ्यांचे पैसे गोळा करून तुम्ही एकट्याच्या पॅनवर भरले, तर चौदा जणांचा कर तुमच्या खात्यात दिसेल आणि त्याचा हिशेब तुमच्याच मागे लागेल. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर भरावे. ज्यांचे उत्पन्न फक्त शेतीचे आहे आणि जे विवरण भरत नाहीत, त्यांनाही विवरण भरल्याशिवाय ही रक्कम परत मिळणार नाही.

आणि उरलेल्या तेरा जणांचे पासपोर्ट आज संध्याकाळी एकत्र आणून मुदत संपण्याची तारीख, काढल्याची तारीख आणि कोरी पाने स्वतः तपासा. ५ सप्टेंबरपूर्वी ज्याची मुदत संपते, अशा प्रत्येकाला २० मार्चची हीच तारीख लागू आहे.