इंग्लंडमधले लाँगबो (माणसाच्या उंचीएवढी लांब धनुष्यं) यू या सूचिपर्णी झाडाच्याच लाकडाचे का बनवत?

कारण यूच्या एकाच फळीत धनुष्याला लागणारे दोन्ही गुण मिळतात: बाहेरचं पांढरट लाकूड ताण सोसतं, तर आतलं तांबूस गाभ्याचं लाकूड दाब सोसतं. म्हणून कारागीर पांढरा थर नेमबाजापासून लांबच्या बाजूला, म्हणजे धनुष्याच्या पाठीवर ठेवतो आणि गाभा पोटाकडे, म्हणजे नेमबाजाच्या बाजूला. खरं कसब पाठीवरच दिसतं. तिथे खोडात दरवर्षी वाढणाऱ्या वलयाच्या रेषेने तासत जायचं, गाठ आली की ती सपाट न करता भोवती थोडं लाकूड उंच राखायचं. गाठीपाशी रेषा तुटली, की धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. यूच्या वापराचा भक्कम पुरावा म्हणजे 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 मध्ये वर काढलेलं 'मेरी रोझ' हे इंग्लंडचं लढाऊ जहाज. त्यावर शंभरहून जास्त अख्खी यूची धनुष्यं सापडली. मात्र 'यूच' म्हणणं पूर्ण बरोबर नाही. चांगलं यू महाग, बरंचसं युरोपातून आयात व्हायचं (1472 च्या कायद्याने व्यापारी जहाजांना धनुष्याच्या फळ्या आणणं बंधनकारकच केलं होतं), त्यामुळे अ‍ॅश आणि एल्म या झाडांच्या लाकडाचीही धनुष्यं बनत.