बाळ १० दिवसांचं आहे, ओएई या ऐकण्याच्या प्राथमिक चाचणीत एका कानाला ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) आलं. सीएमव्हीची तपासणी करावी का? खर्च किती?

करा, आणि आजच करा. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हा विषाणू पोटातच झाला तर बाळाचं ऐकणं जाऊ शकतं. दहावा दिवस म्हणजे तुमच्या हातात अकरा दिवस आहेत. सीएमव्ही बाळाला पोटातच झाला की बाहेर आल्यावर, हे पहिल्या २१ दिवसांतल्या नमुन्यावरूनच, मुख्यतः लघवी किंवा लाळेवरून, सांगता येतं. नंतर पॉझिटिव्ह आलं तरी खात्री देता येत नाही, कारण तो आईच्या दुधातूनही येतो.

आमच्या मुलाच्याही डाव्या कानाला ‘रेफर’ होतं. डॉक्टर म्हणाले, कानात पाणी असेल, महिन्याने आणा. घरी सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. दोघांचं असं जुळल्यावर मी कशाला बोलते! पाचव्या महिन्यात बेरा (ऐकण्याची सविस्तर चाचणी) झाली, तो कान जवळजवळ गेलेला. लघवीत सीएमव्ही निघाला. ऑडिओलॉजिस्टबाईंनी विचारलं, पहिल्या तीन आठवड्यांतला रिपोर्ट आहे? नव्हता. बाराव्या दिवशीच्या बारशाचे दीडशे फोटो होते. दुसरा कान तेव्हा चांगला होता, तो दोन वर्षांनी उतरला. म्हणून आत्ताची चाचणी पास झाली तरी निर्धास्त राहू नका.

नणंदेचं अजून चालू असतं : ‘बालवाडीत पोरांची नाकं पुसत होतीस, त्यातूनच आलं.’ लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून तो पसरतो हे खरं. पण आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, आणि गरोदरपणात जुनाच पुन्हा डोकं वर काढू शकतो. टॉर्च या गरोदरपणातल्या रक्तचाचणीत आयजीजी (जुन्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह म्हणजे पुरावा नव्हे. वन्संचाही येईल.

कॅनडात ऑन्टारियोमध्ये २०१९पासून नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून सीएमव्ही बघतात. आपल्याकडे निदान ‘रेफर’वाल्यांचा तरी बघा, एवढंच माझं म्हणणं.

घाबरवायचं नाही हं. लागण झालेल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही. लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करून घ्या, लाळेत दूध मिसळलेलं असतं. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे त्यावरचं औषध सगळ्यांना देत नाहीत, त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. पण द्यायचं तर पहिल्या महिन्यात सुरू केलेलं बरं.

खर्चाचं लॅबला फोन करून विचारा, ‘सीएमव्ही पीसीआर’ म्हणा. लघवीसाठी छोटी पिशवी चिकटवतात, बाळाला टोचत नाहीत. नमुना घेऊन बाळाचे बाबाही जाऊ शकतात, बाळंतिणीने उंबरा ओलांडायची गरज नाही. मला हे सुचलं तेव्हा मुलगा बालवाडीत जायला लागला होता.