पुस्तकं विकत घ्यायच्या आधी

भावा, पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरच्या महाद्वार रोडला जाऊन सगळी पुस्तकं विकत घेऊ नकोस. आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना भेट आणि 'आपल्याकडं एन-लिस्ट आहे का?' एवढंच विचार. एन-लिस्ट म्हणजे अनुदानित कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं पुरवणारी केंद्र सरकारची योजना. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे ग्रंथालय-सेवा केंद्र ती चालवतं आणि तिच्यात लाखावर ई-पुस्तकं आहेत. पण लॉगिन कॉलेजकडूनच मिळतं, आणि मागितल्याशिवाय ते कोणी हातात देत नाही. मला हे कळलं तेव्हा माझं दुसरं वर्ष निम्मं सरलं होतं, आणि तोवर घरच्यांचे पैसे पुस्तकांत गेले होते. तुझं तसं होऊ नये.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या दुसऱ्या योजनेच्या बातम्यांनी गोंधळू नकोस. 2024 मध्ये मंजूर झालेले ते 6,000 कोटी संशोधन नियतकालिकांसाठी आहेत, तुझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांसाठी नाहीत.

मराठीतून शिकणाऱ्यांनी 'अस्मिता' या पुस्तक-प्रकल्पाकडं लक्ष ठेवावं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2024 मध्येच जाहीर केलंय, पाच वर्षांत भारतीय भाषांत 22,000 पुस्तकं. पण आज इंग्रजीत ढीग आणि मराठीत चिमूटभर, ही खंत खरी आहे. सरकारनं इथंच जोर लावायला हवा.

आणि हो, राधानगरीकडच्या एसटीत रेंज जाते. निघायच्या आधी, कॉलेजच्या वायफायवर, हवी ती प्रकरणं मोबाईलवर डाउनलोड करून घे. मोबाईलवर पीडीएफ वाचताना डोळे चुरचुरतात, म्हणून महत्त्वाचं तेवढं वहीत हातानं लिही.