तुरुंगातील नाटक : प्रयोगाच्या आधीचे महिने

कारागृहात नाटक आणि इतर कला नेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था राज्य नाट्य स्पर्धेत नियमित भाग घेते. आमच्या भागातील कारागृहाच्या अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी बंदीजनांचे एक नाटक बसवून द्याल का, अशी विचारणा केली आहे. काही सहकाऱ्यांना ही मोठी संधी वाटते. काहींच्या मते हा दोन घटकांचा विरंगुळा असून त्याने माणूस सुधारतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपले मत काय, आणि सुरुवात कशी करावी?
— एक रंगकर्मी, सातारा जिल्हा

उत्तर : होकार जरूर द्या, पण तारखेच्या बाबतीत घाई करू नका. कार्यक्रमासाठी पंधरा दिवसांत पाठ करून घेतलेले नाटक टाळ्या मिळवून देते आणि तिथेच संपते. अधिकाऱ्यांकडून किमान तीन-चार महिने, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी तालमीची परवानगी मिळत असेल तरच हे काम हाती घेण्यासारखे आहे. कारण तुरुंगात नाटकामुळे जे काही घडते, ते बहुतांशी तालमीतच घडते. उठण्याच्या वेळेपासून संध्याकाळी बराकीत बंद होण्यापर्यंत ज्याचा सगळा दिवस दुसरे कोणीतरी ठरवते, त्या माणसाला ‘हे वाक्य तू असे का म्हणालास?’ असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर त्याला स्वतःला शोधावे लागते. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, चुकलेल्या सहकाऱ्याला सांभाळून घेणे, आपली चूक चारचौघांत ऐकून न चिडता पुन्हा उभे राहणे, या गोष्टी रंगमंचावर सक्तीच्या असतात, आणि रागाच्या एका क्षणाने तुरुंगात आलेल्या माणसाला नेमका त्यांचाच सराव हवा असतो.

या कामाचा इतिहास बराच मोठा आहे. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ सुमारे १,४०० कैद्यांसमोर सादर केले. नाटकात स्त्री-पात्र नाही, हे त्याच्या निवडीचे एक मोठे कारण होते. बाहेरच्या सुशिक्षित प्रेक्षकांना कोड्यात टाकणारे हे नाटक कैद्यांना मात्र सहज भिडले. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पॅरोलची मुभा नसलेली जन्मठेप भोगणारा रिक क्लूची त्या रात्री सभागृहात नव्हता, त्याने ते कोठडीतच ध्वनिक्षेपकावरून ऐकले. पुढे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तुरुंगातच नाट्यसंस्था उभी केली, १९६६ मध्ये त्याची शिक्षा सौम्य झाली, आणि नंतरच्या काळात खुद्द बेकेट यांनी त्याला आपल्या नाटकात दिग्दर्शित केले. मला या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो एका रात्रीचा प्रयोग आणि सुटका यांच्या मधला, कैद्यांनी आपणहून वर्षानुवर्षे केलेल्या तालमींचा.

आपल्या देशातील उदाहरण कोलकात्याचे आहे. नृत्यांगना अलकनंदा रॉय यांनी २००७ पासून तेथील प्रेसिडेन्सी तुरुंगात बंदीजनांना नृत्य शिकवायला सुरुवात केली आणि रवींद्रनाथ ठाकुरांची ‘वाल्मीकि प्रतिभा’ ही १८८१ सालची गीतनाटिका त्यांच्याकडून बसवून घेतली. पुढे तिचे प्रयोग तुरुंगाबाहेरच्या नाट्यगृहांतही झाले. आपल्याकडच्या कथेत वाल्या घरच्यांना ‘माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का’ असे विचारतो आणि त्यांच्या नकाराने भानावर येतो. रवींद्रनाथांच्या नाटिकेत मात्र बळी देण्यासाठी पकडून आणलेल्या लहान मुलीच्या आक्रोशाने दरोडेखोराला पाझर फुटतो. ज्याच्या हातून खरोखर गुन्हा घडला आहे अशा माणसाला हा प्रसंग तालमीत पुन्हा पुन्हा करावा लागतो, समोर कोण रडत आहे हे पाहावे लागते. संहिता निवडताना हा विचार तुम्हीही करावा.

मात्र ‘नाटक केले की माणूस सुधारतो’ असे विधान कुठल्याही व्यासपीठावरून करू नका. तुमच्या सहकाऱ्यांची शंका या बाबतीत रास्त आहे. नाटकात भाग घेतलेले कैदी सुटकेनंतर पुन्हा गुन्ह्याकडे क्वचितच वळतात, असे अनेक संस्था सांगतात. परंतु अशा गटात मुळात स्वेच्छेने आलेले, वर्तणूक बरी असलेले आणि अधिकाऱ्यांनी निवडलेलेच लोक असतात, त्यामुळे त्यांची तुलना सरसकट सगळ्या कैद्यांशी करणे न्याय्य ठरत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. भारतातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या बंदींपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचे खटले अजून चालू होते. तुमचा प्रमुख नट ऐन तालमीच्या दिवशी तारखेला जाईल, किंवा त्याला जामीन मिळेल, आणि त्याच्या सुटकेचा आनंदच व्हायला हवा. म्हणून प्रत्येक भूमिका दोघांना द्या, आणि समूहगान, भजन, भारूड यांचा भरपूर वापर असलेली संहिता घ्या. उत्तम पखवाज आणि टाळ वाजवणारे तुम्हाला आतच भेटतील. दुसरे असे की, ज्याला वाचता येत नाही त्याला संहिता हातात देऊन अवघडवू नका, सगळ्यांनाच ऐकवून शिकवा.

प्रश्न : माझ्या जवळच्या नात्यातील माणसावर प्राणघातक हल्ला करणारा आज शिक्षा भोगत आहे. अशा लोकांना रंगमंच, टाळ्या आणि वर्तमानपत्रात छायाचित्र मिळावे, हे मला सहन होत नाही. माझे चुकते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचे मुळीच चुकत नाही, आणि हे काम करणाऱ्यांनी तुमचे पत्र तालीम सुरू करण्यापूर्वी वाचायला हवे. गुन्ह्याची हकिकत करमणूक म्हणून मांडू नये, गुन्हेगाराची जाहिरात होईल अशी प्रसिद्धी करू नये, आणि पीडित कुटुंबाकडून क्षमेची किंवा उपस्थितीची अपेक्षा तर कधीच ठेवू नये. या मर्यादा न पाळणारे उपक्रम माझ्याही मते थांबवावेत.

तरीही नाटकाचा एक उपयोग तुमच्यासमोर ठेवतो, तो पटावा असा आग्रह नाही. इंग्लंडमध्ये १९८७ पासून तुरुंगांत काम करणारी गीस थिएटर कंपनी मुखवट्यांचा वापर करते. मुखवटा म्हणजे माणूस जगाला दाखवतो तो चेहरा : बेफिकीर, दांडगा, ‘मी काहीच केले नाही’ म्हणणारा. प्रसंग चालू असताना प्रेक्षकांतील कैदी त्या पात्राला मुखवटा वर करायला सांगू शकतात, आणि मग त्या पात्राला मनात दडवलेले बोलावे लागते. बढाई मारणाऱ्याला आपण घाबरलो होतो हे कबूल करावे लागते. दुसऱ्यावर दोष ढकलणाऱ्याला आपण काय केले ते सांगावे लागते. पाहणाऱ्यांना आपल्याही सबबी त्यात ओळखू येतात. याला टाळ्यांची गरज नसते, बाहेरच्या प्रेक्षकांचीही नसते. शिक्षा भोगून तो माणूस कधीतरी बाहेर येणार असेल, तर सबबी घेऊन न येणे हे तुमच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे, असे मला वाटते.

प्रश्न : सुटकेनंतर या कलावंतांचे पुढे काय होते?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, आणि या कामातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. आत चार महिने ज्याला ‘नट’ म्हणून हाक मारली जाते, त्याला बाहेर भाड्याची खोलीही मिळत नाही. इंग्लंडमध्ये १९७९ साली आस्कम ग्रेंज तुरुंगातील दोन स्त्रियांनी क्लीन ब्रेक ही नाट्यसंस्था सुरू केली. ती आजही शिक्षा भोगलेल्या आणि गुन्ह्याच्या वाटेवर जाण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना शिकवते आणि रंगमंचावर उभे करते. आपल्याकडे एवढी मोठी व्यवस्था उभी राहण्याची वाट पाहू नये. साताऱ्याच्या पत्रलेखकांसारख्या हौशी संस्थांनी सुटून आलेल्या एकाला जरी नेपथ्य लावायला, प्रकाशयोजनेला मदत करायला किंवा एखाद्या छोट्या भूमिकेसाठी बोलावले, तर संध्याकाळी जाण्यासारखी एक जागा आणि गुन्ह्याशी संबंध नसलेली दहा-बारा ओळखीची माणसे त्याला मिळतात. त्याचा पूर्वेतिहास किती सांगायचा हे त्यालाच ठरवू द्यावे, आणि संस्थेच्या पत्रकात त्याचा उल्लेख फक्त त्याने केलेल्या कामापुरता असावा.