समलिंगी उमेदवार, पाळकपद आणि आपली मंडळी: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

अमेरिकेतल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने समलिंगी पाळकांवरची (पास्टरांवरची) बंदी उठवल्यापासून माझ्याकडे एकाच विषयाची पत्रं येत आहेत. सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत, मोहोळहून, बार्शीहून, अक्कलकोटहून. काहींनी उपासना सुटल्यावर पायरीवर गाठून विचारलं. सेमिनरीत मी बरीच वर्षं नवा करार आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार शिकवला, म्हणून विचारतात. गोंधळ सगळ्यांचा तोच आहे, तेव्हा एकदाच लिहून टाकतो. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न (विजापूर रोड): माझी मावशी कलबुर्गीच्या मेथडिस्ट मंडळीत आहे. अमेरिकेत मेथडिस्टांनी समलिंगी पाळकांना परवानगी दिली असं यूट्यूबवर एकजण सांगतो. आता तिच्याकडेही तसे पाळक येणार का?

नाही. १ मे २०२४ रोजी शार्लट शहरात ६९२ विरुद्ध ५१ मतांनी १९८४ पासूनची बंदी उठवली, ती युनायटेड मेथडिस्ट चर्चने. भारतातली मेथडिस्ट मंडळी १९८१ पासून स्वायत्त आहे आणि आपले नियम स्वतः करते. मावशींनी त्यांच्या पाळकांना विचारावं. यूट्यूबवरच्या माणसाला त्यांच्या मंडळीची घटना ठाऊक नसते.

प्रश्न (मोहोळ): समलिंगी संबंध हा गुन्हा आहे ना? मग गुन्हेगार पाळक कसा होईल?

गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. अशा जोडप्याच्या लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. तो निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा. आणि गुन्हा नाही म्हणून कोणी आपोआप पाळकपदाला पात्र ठरत नाही. ते ठरवणं मंडळीचं काम आहे.

प्रश्न (बार्शी): पोपसाहेबांनी समलिंगी फादरांना मान्यता दिली असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?

खोटं आहे. कॅथलिक चर्चची २००५ ची सूचना आजही लागू आहे: समलिंगी संबंध ठेवणारे किंवा ज्यांचा तसा कल खोलवर रुजलेला आहे असे उमेदवार सेमिनरीत घ्यायचे नाहीत. २०१६ मध्ये तीच पुन्हा सांगितली गेली. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना म्हणाले होते की समलिंगी माणूस मनापासून देवाला शोधत असेल तर त्याचा न्याय करणारा मी कोण. डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा मिळाली. त्यात लग्नही नाही आणि धर्मगुरूपदाची दीक्षाही नाही. पुढे पाठवण्याआधी एखाद्या फादरना एक फोन केला असता तर तुमच्या ग्रुपवरच्या माणसांचा आठवडा वाचला असता.

प्रश्न (अक्कलकोट रोड): अशा पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेतलं तर ते लागू होतं का?

होतं. सेवकाच्या योग्यायोग्यतेवर संस्कार अवलंबून नसतो, हा वाद संत ऑगस्टीनने, पतित सेवकाचे संस्कार लागू होत नाहीत असं मानणाऱ्या डोनाटसपंथीयांशी घालून सोळाशे वर्षं झाली. शंका राहिलीच तर घरात कुढत बसू नका, पाळकांना भेटा.

प्रश्न (सात रस्ता, तरुण संघाचा सभासद): पवित्र शास्त्रात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना वाद कशाचा?

स्पष्ट काय आहे आणि काय नाही, ते वचनं उघडून बघू या. सदोमाची गोष्ट उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायात आहे. तिथे जमाव पाहुण्यांवर जबरदस्ती करायला आला आहे. त्या नगराचं पाप कोणतं, हे यहेज्केल १६:४९ मध्ये सांगितलंय: गर्व, अन्नाची चंगळ आणि गरिबाला हात न देणं. म्हणून या वादात सदोमाचा आधार घेऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो.

लेवीय १८:२२ आणि २०:१३ मध्ये मनाई आहे, सरळ आहे. त्याच पुस्तकात १९:१९ ला दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका असंही आहे, आणि सोलापुरात निम्म्या घरांची चूल यंत्रमागावर पेटली. पण एवढ्यावर वाद जिंकला असं समजू नका. जुन्या मताचे लोक म्हणतात की विधींचे नियम वेगळे आणि नीतीचे वेगळे, आणि ही मनाई प्रेषित पौलाने नव्या करारात पुन्हा केली आहे. त्यांचं म्हणणं पोकळ नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात ६:९ ला आणि तीमथ्याला पहिल्या पत्रात १:१० ला ‘आर्सेनोकोइताय’ हा ग्रीक शब्द येतो. तो पौलाच्या आधी कुठे सापडत नाही. त्याचे ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ असे दोन्ही तुकडे लेवीयाच्या ग्रीक भाषांतरात शेजारीशेजारी आहेत, तेव्हा तिथूनच त्याने तो जुळवला असावा. दुसरी बाजू विचारते की पौलाच्या डोळ्यांसमोर कोण होतं? दासावर हक्क गाजवणारा मालक, पोरांना वापरणारा धनिक, की आयुष्यभर एकमेकांशी प्रामाणिक राहणारी दोन माणसं? इंग्रजी बायबलात या जागी ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १९४६ च्या एका आवृत्तीत पहिल्यांदा आला आणि १९७१ मध्ये त्याच आवृत्तीने तो बदलला. पुण्याला जाताना गाडी केडगावावरून जाते. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्र मराठीत आणलं. शब्दाला शब्द लावण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. आपण मोबाइलवर एक ओळ वाचून निकाल देतो.

रोमकरांस १:२६–२७ हे मला सर्वांत अवघड वाटतं. तिथे पौल निसर्गक्रमाबद्दल बोलतो आणि मला त्यातून सहज वाट काढता आलेली नाही. तरीही माझं मत विचारलंत तर, निष्ठेने जगणाऱ्या नात्याचा प्रश्न या वचनांनी मिटला असं मी म्हणू शकत नाही. विसाव्या वर्षी म्हटलं होतं, आता म्हणत नाही. पण माझं मत म्हणजे मंडळीचा नियम नव्हे. सुंता न झालेल्या बिगरयहुद्यांना मंडळीत घ्यायचं की नाही, हे प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये सगळे एकत्र बसून, साक्षी ऐकून ठरवतात. तुमच्या तरुण संघाने आधी हा अध्याय पाळकांसोबत वाचावा.

प्रश्न (रेल्वे लाइन्स): आपल्याला सुवार्ता देणारे अमेरिकन मिशनरीच आता समलिंगी पाळक करतात. मग त्यांनी शिकवलेलं सगळं चूक होतं का?

नाही. अमेरिकन मराठी मिशन ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून आलं, तिच्यात प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. वरून हुकूम येत नाही. म्हणूनच १८५३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा एका बाईला, अँटोनेट ब्राऊन यांना, दीक्षा मिळाली ती याच परंपरेत. तीच परंपरा १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्टमध्ये सामील झाली आणि २५ जून १९७२ रोजी त्यांनी विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या उमेदवाराला दीक्षा दिली. मोठ्या प्रोटेस्टंट मंडळींमध्ये ही पहिलीच वेळ. पण आपण १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलो, आपल्याकडे बिशप आहेत, सिनड ही वरची सभा आहे. आणि आपण ज्या अँग्लिकन कुटुंबात आहोत, त्याच्या जगभरच्या बिशपांनी १९९८ च्या लँबेथ परिषदेत ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरवले. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरने उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं आणि अँग्लिकन कुटुंबात जी फूट पडली ती अजून सांधली नाही. लँबेथच्या त्याच ठरावात समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घेण्याची जबाबदारीही स्वीकारली होती. ती ओळ आपल्याकडे कोणी वाचून दाखवत नाही.

प्रश्न (होटगी रोड, एक आई): मुलगा चोवीस वर्षांचा आहे. रविवारच्या शाळेत शिकवतो, उपासनेत पेटी वाजवतो, त्याला पाळक व्हायचंय. नाताळात त्याने सांगितलं की त्याला मुलींची ओढ वाटत नाही. त्याचे वडील महिनाभर बोलले नाहीत. मंडळीतले एक एल्डर म्हणतात, लग्न लावून द्या, सुधारेल, पाळकाला बायको लागतेच. एका प्रार्थना शिबिराचे लोक म्हणतात, तीन दिवसांत ‘तो आत्मा’ निघून जाईल, अकरा हजार भरा. काय करू?

ताई, लग्न लावू नका. शिबिरालाही पाठवू नका. पैसे दिले असतील तर आजच परत मागा.

या प्रश्नाला मी एका ओळीत उत्तर देणार नाही, कारण याच बाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे. माझा एक विद्यार्थी होता, हुशार, उत्तम उपदेश करायचा. दीक्षेच्या आधी त्याने मला तुमच्या मुलासारखंच सांगितलं. मी म्हणालो, लग्न कर, प्रभू वाट काढेल. लग्न मीच लावलं. तीन वर्षांनी ती मुलगी माहेरी परतली. तिची आई माझ्या घरी आली, पाणीही न पिता दारातच उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं ना?” मला माहीत होतं. त्या मुलाने पाळकपद सोडलं आणि गावही सोडलं. त्या मुलीचं काय, हे मंडळीत आजवर कोणी विचारलेलं नाही.

म्हणून जो कोणी ‘लग्न केलं की सुधारतो’ म्हणतो, त्याला विचारा की स्वतःची मुलगी देणार का. दुसऱ्याच्या लेकीला औषधासारखं वापरायचा हक्क आपल्याला कोणी दिला? सत्य लपवून लग्न लावलं तर कायद्याचाही प्रश्न येतो. फसवून मिळवलेल्या संमतीवरून १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली विवाह रद्द करून मागता येतो. त्याबद्दल वकिलांशी बोला.

‘पाळकाला बायको लागतेच’ हे शास्त्रात कुठेही नाही. तीमथ्याला पहिल्या पत्रात ३:२ ला अध्यक्ष एका स्त्रीचा पती असावा असं आहे, म्हणजे दोन नसाव्यात. पौल स्वतः एकटा होता आणि करिंथकरांना ते मोकळेपणाने सांगतो. ही आपली रीत आहे, आणि खरं कारण हे की पाळकबाईंकडून महिला मंडळ आणि पाहुण्यांचा स्वयंपाक फुकटात होतो.

आता त्या शिबिराचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलं की ती ‘बरी’ करण्याचा उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन समजलं जाईल. जे डॉक्टरला करता येत नाही, ते अकरा हजारांत एखाद्या हॉलमध्ये कसं होतं? मी ही शिबिरं पाहिली आहेत. उपास, रात्रभर जागरण, कानाशी ओरडणं, शेवटच्या दिवशी रडवून ‘साक्ष’ घ्यायची आणि तिचा व्हिडिओ पुढच्या शिबिराच्या जाहिरातीत लावायचा. पोरगं घरी येतं ते आणखी मोडून. प्रार्थना विकत मिळत नाही. घरी बसा, तुमच्या मुलासोबत करा, पैसे लागत नाहीत.

तो जेवतो का, झोपतो का, एकटा बसून राहतो का, याकडे लक्ष द्या. जगण्याबद्दल निराशेचं काही बोलला तर थांबू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याच्या वडिलांना माझ्याकडे पाठवा. मुलगा नको, आधी वडील.

पाळकपदाचा प्रश्न त्यानंतरचा. ओढ असणं आणि नात्यात राहणं यांत कित्येक मंडळी फरक करतात, काही करत नाहीत. तुमच्या धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या विभागात, काय पद्धत आहे, हे कार्यालयात बसूनच विचारायला हवं.

प्रश्न (एका मंडळीच्या कमिटीचे सभासद): आमच्याकडे एका उमेदवाराचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. त्याच्याबद्दल कुजबुज आहे, लेखी तक्रार नाही. मतदान घेऊन नाकारावा का?

दोन वर्षं! त्याने नोकरी सोडली असेल, वय निघून गेलं असेल, आणि तुम्ही दर महिन्याला ‘पुढील सभेत’ लिहून चहा घेता. लेखी तक्रार नसेल तर सभेपुढे विषयच नाही. मंडळीच्या एल्डरविरुद्धचा आरोपसुद्धा दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं तीमथ्याला पहिल्या पत्रात ५:१९ ला सांगितलंय, मग या पोराला तेवढा न्याय का नाही? मत्तय १८ प्रमाणे ज्याला शंका आहे त्याने आधी त्याला एकट्याने भेटावं. तुमचं काम शिफारस करायची किंवा कारण लिहून नाकारायची एवढंच, निवड धर्मप्रांताच्या समितीची आणि बिशपांची. येत्या सभेत अर्ज घ्या, इतिवृत्तात नोंद करा. त्याआधी बिशपांच्या कार्यालयाला लेखी सल्ला मागा.

प्रश्न (पत्त्याशिवाय): मी सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला आहे. मी समलिंगी आहे. कोणाशी नातं नाही. दीक्षेच्या मुलाखतीत सांगावं का?

मुलाखतीत खोटं बोलू नकोस. थेट विचारलं तर खरं सांग. न विचारता सगळं सगळ्यांना सांगायचं बंधन मात्र तुझ्यावर नाही. वसतिगृहातल्या मित्राला रात्रीच्या भरात सांगशील तर सकाळी सगळ्या वर्गाला कळलेलं असेल. मुलाखतीआधी एका जबाबदार माणसाशी बोल, शक्यतो तुझ्या बिशपांशी किंवा सेमिनरीच्या समुपदेशकाशी. नियमपुस्तक स्वतः वाच, सांगोवांगी नको. आणि कोणी मुलगी दाखवायला आलं तर नाही म्हण.

हे उत्तर तुला पुरेसं नाही, मला कळतं. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत सोलापूरला येशील तेव्हा रविवारी उपासनेनंतर थांब. सगळे गेल्यावर मागच्या बाकावर बसून बोलू.