कामगार सल्ला : वेल्डरला ग्राइंडिंगवर बसवलं

प्रश्न : चाकणजवळ प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या) बनवणाऱ्या कारखान्यात मी टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडने, वायूच्या आवरणात) वेल्डर आहे. आयटीआय झालंय, ६जी (तिरप्या, न फिरणाऱ्या पाइपच्या जोडाची) चाचणी पास आहे. माझ्यासोबत लागलेल्या, तीच चाचणी दिलेल्या मुलाला महिना साडेतीन हजार जास्त मिळतात. एचआरला तोंडी विचारलं, तर आठवड्यात मला ग्राइंडिंगवर टाकलं. ओव्हरटाइम बंद, कारण म्हणे 'बायकांना रात्री थांबवता येत नाही'. सुपरवायझर येता-जाता द्व्यर्थी बोलतो, ते वेगळंच. कुठे जाऊ?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, आधी ग्राइंडिंगवर जाऊन किती दिवस झाले ते मोजा. एएसएमई सेक्शन नाइनप्रमाणे (वेल्डरच्या पात्रतेची अमेरिकी नियमावली) वेल्डरची पात्रता त्या-त्या प्रक्रियेपुरती असते. टिगने सहा महिने जोड मारला नाही, की ती संपते. मग 'हिचं क्वालिफिकेशनच नाही' म्हणायला कंपनी मोकळी. म्हणून टिगचं काम द्या असा लेखी अर्ज आजच द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. एचआरशी तोंडी बोललात त्याचा कागद नाही, हीच सध्या तुमची कच्ची बाजू आहे.

पगाराचं म्हणाल, तर २०१९ची वेतन संहिता समान किंवा सारख्या कामाला स्त्री-पुरुष भेद करू देत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी सारखी हवी, एवढंच. ती दाखवणं तुमच्या धंद्यात सोपं आहे. जोडाशेजारी तुमचा वेल्डर नंबर पंच केलेला असतो, क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) नोंदीतही तोच असतो. पण ड्रॉइंगचे फोटो काढू नका, गोपनीयतेच्या नावाखाली उलट तुम्हालाच नोटीस येईल. घरच्या वहीत तारीख, जॉब नंबर, जोड नंबर, शेजारी कोण होतं, एवढं लिहा. पगाराच्या स्लिपा जोडून सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, आणि थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

रात्रीची सबब टिकत नाही. संध्याकाळी सातनंतर काम करायला तुमची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. सरसकट बंदी नाही. संमती लिहून द्या, मग नकारही लेखी मागा.

सूड म्हणून काम बदलणं, पक्षपात करणं हा अनुचित कामगार प्रथेचा विषय. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. तीच धरून चाला आणि युनियन किंवा कामगार वकिलाला गाठा.

सुपरवायझरचं बोलणं मात्र वेगळ्या दाराने जातं. अनेकजणी पगाराची तक्रारही कंपनीच्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) नेतात. तिथे ती अडकते. समितीकडे फक्त हे बोलणं न्या : शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत, सहा प्रतींत, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून. दहा किंवा जास्त कामगार असतील तर समिती हवीच. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. चौकशी चालू असताना तुमच्या कामाचा अहवाल त्या सुपरवायझरने लिहू नये, अशी अंतरिम मागणी अर्जातच करा. ती बहुतेकजणी विसरतात, आणि मग 'काम असमाधानकारक' असा शेरा येतो.

कंटाळून 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा लिहून देऊ नका. हिशेबाच्या कागदावर 'माझं काही येणं नाही' असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी घरी आणून वाचा.