स्टार्चपासून सायक्लोडेक्स्ट्रिन बनवणारा जिवाणू कॉलेजच्या लॅबमध्ये ओळखता येतो का?

हो, येतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पुण्यात हेच केलं होतं.

'स्टार्च तोडणारं एन्झाइम' म्हटलं की आठवतं ते अमायलेज. ते ग्लुकोजची साखळी तोडतं आणि तुटल्या टोकाला पाणी जोडतं. तुम्हाला हवंय ते सीजीटेझ, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन बनवणारं एन्झाइम. तेही साखळी कापतं, पण कापलेल्या टोकाला पाण्याऐवजी त्याच तुकड्याचं दुसरं टोक आणून जोडतं, गजऱ्याची दोन टोकं बांधावीत तसं. असं तयार झालेलं कडं म्हणजेच सायक्लोडेक्स्ट्रिन: सहा ग्लुकोजचं कडं अल्फा, सातांचं बीटा, आठांचं गॅमा. कड्याच्या पोकळीत पाण्यात न विरघळणारे रेणू जाऊन बसतात. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध पातळ रूपात देता येतं ते बीटाच्याच एका सुधारित रूपामुळे. मला या एन्झाइमचं आजही फार अप्रूप वाटतं.

आयोडीनवर विसंबू नका. स्टार्च संपला की निळा रंग जातो, मग तो अमायलेजने संपवलेला असो की सीजीटेझने. त्याऐवजी स्टार्च घातलेल्या आगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) 1 टक्का सोडियम कार्बोनेट आणि थोडं फिनॉल्फ्थॅलीन घाला; हा रंग सोड्यात गुलाबी दिसतो, आम्लात उडतो. प्लेट छान राणी रंगाची होते. बीटाचं कडं फिनॉल्फ्थॅलीनला पोटात घेतं आणि कॉलनीभोवती रंग उडालेलं वलय दिसतं.

इथेच मी फसले. मार्केट यार्डातल्या बटाट्याच्या गाळ्यामागची माती आणली होती. तीन प्लेटवर वलयं आली, मी आनंदाने मॅडमना बोलावलं. त्यांनी वलयावर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाचा एक थेंब सोडला आणि गुलाबी रंग परत आला. तिन्हीकडे तेच. जिवाणूंनी नुसतं आम्ल सोडलं होतं. रंग कड्यात अडकलेला असता तर थेंबाने परतला नसता.

दुसऱ्या खेपेला धोबीघाटाजवळची माती घेतली, धुण्याचा सोडा वर्षानुवर्षं मुरलेली. असल्या जास्त सामूच्या जागी राहणाऱ्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंमध्ये हे एन्झाइम बनवणारे बरेच सापडतात. माती पाण्यात कालवून आधी 80 अंशांवर 10 मिनिटं तापवा. बॅसिलससारखे बीजाणू करणारे टिकतात, बाकीची गर्दी कमी होते. माझ्या एका प्लेटवर मोहरीएवढ्या कॉलनीभोवती वलय आलं. थेंब टाकला, अर्धा तास थांबले. ते फिकटच राहिलं.